डोळ्यांवाटे येणारी भाषा

१९८० साली इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ शहरात सू बकली या मानसशास्त्रज्ञांना लेस्ली डफन नावाच्या एका वडिलांचं पत्र आलं. त्यांच्या मुलीला, साराला, डाउन सिंड्रोम होता आणि तीन वर्षांची असल्यापासून ते तिला घरीच वाचायला शिकवत होते. ऐकलेल्या शब्दांपेक्षा छापलेले शब्द ती सहज आत्मसात करते, असं त्यांनी लिहिलं होतं. अशी मुलं वाचायला शिकतील यावर तेव्हा फार थोड्यांचा विश्वास होता. बकलींनी ते पत्र मनावर घेतलं आणि पुढची कित्येक वर्षं याच विषयाचं संशोधन केलं.

डाउन सिंड्रोममध्ये पेशीत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती असतात, हे १९५९ पासून माहीत आहे. ‘त्याला समजतं सगळं, पण बोलत नाही,’ असं अशा मुलांच्या आया नेहमी सांगतात. त्या बरोबर सांगतात. ओठ-जिभेचे स्नायू सैल असतात. मधल्या कानात चिकट द्रव साठून ऐकू कमी येतं. शिवाय कानावर पडलेलं क्षणभर मनात धरून ठेवणं या मुलांना जड जातं. डोळ्यांनी पाहिलेलं मात्र त्या मानाने चांगलं लक्षात राहतं. म्हणून वाचन ही बोलणं आल्यानंतरची पायरी न मानता बोलण्याकडे नेणारी वाट मानायला हवी.

सुरुवात ‘अ अननसाचा’पासून नको. मुलाच्या रोजच्या जगातले अख्खे शब्द घ्यावेत: आई, ताई, दूध, बस; दिवाळीत लाडू, पणती, कंदील. जाड कार्डावर ठळक, मोठ्या अक्षरांत एकेक शब्द लिहायचा. आधी सारख्याला सारखं जोडायचं. मग ‘लाडू कुठंय?’ विचारल्यावर योग्य कार्ड उचलायचं. शब्द उच्चारण्याची पाळी सगळ्यात शेवटी. हात चुकीच्या कार्डाकडे वळला तर ‘नाही’ म्हणण्याआधीच तो अलगद बरोबर कार्डावर न्यावा, कारण सतत चुकलं की मूल कार्डं भिरकावून मोकळं होतं. आणि प्रश्न विचारल्यावर थांबावं. आपण घाईने स्वतःच उत्तर देऊन टाकतो, ते अगदी टाळावं.

‘ताई लाडू’ एवढ्यावर अडलेल्या मुलाला ‘ताईने लाडू खाल्ला’ हे लिहून दाखवावं. बोलण्याच्या ओघात ‘ने’ निसटून जातो, कागदावर तो जागेवरच असतो. अक्षरं आणि बाराखडी शब्दांचा थोडा साठा झाल्यावर घ्यावी.

बसण्याकडेही लक्ष हवं. पाय लोंबकळत असले की सैल अंगाच्या मुलाची सगळी शक्ती तोल सांभाळण्यात जाते. पायांखाली पाट सरकवला की हात मोकळे होतात.

कान, डोळे आणि थायरॉईडची तपासणी ठरावीक काळाने व्हायलाच हवी. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांना हृदयदोष असतो, तेव्हा जन्मानंतर लगेच हृदयाची इको तपासणी करावी. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात उपचारांची सोय असते. पहिल्या वाढदिवसाची वाट न पाहता तिथे जावं.

शाळेत प्रवेश हा मुलाचा हक्क आहे; २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सर्वसमावेशक शिक्षण बंधनकारक केलं आहे. प्रवेशाच्या वेळी घरची कार्डं सोबत न्यावीत आणि मुलाला ओळखता येणारे शब्द बाईंसमोर त्यालाच उचलून दाखवू द्यावेत.