तळहाताएवढी चिलापी पिल्लू नसते

उन्हाळी सुटी लागली की वैराग परिसरातली मुलं गळ घेऊन तलावाची वाट धरतात. भोगावतीवरचा हिंगणी असो की नागझरीवरचा जवळगाव, वैशाखात पाणी आत सरकलेलं असतं आणि काठावरून गळ टाकणं सोपं होतं. गांडूळ किंवा कणकेची गोळी लावली की चिलापी लागते, पण बहुतेक वेळा तळहाताएवढीच. मग दरवर्षीचा प्रश्न येतो. एवढंसं पिल्लू मारायचं कशाला? परत पाण्यात सोडलं तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मोठं होईल ना?

यामागची भावना चांगली आहे. पण मत्स्यशास्त्राचं उत्तर नेमकं उलट आहे. ती तळहाताएवढी चिलापी बहुधा पिल्लू नसतेच. साफ करताना पोट उघडून पाहा, मादी असेल तर अनेकदा पिवळसर अंडी दिसतील. म्हणजे ती वयात आलेली आहे, कदाचित दोन-चार विणी होऊन गेलेल्या आहेत. पुढचं वर्षभर ती पाण्यात राहिली तरी फारशी वाढणार नाही.

हे कोडं चिलापीपुरतं नाही. अमेरिकेतल्या तळ्यांवर उन्हाळ्यात क्रॅपी आणि ब्लूगिल हे तव्यात अख्खे मावणारे मासे गळाने धरण्याचा मोठा छंद आहे, आणि तिथेही हीच तक्रार असते : मासे भरपूर, पण सगळे बारके. तिचा छडा होमर स्विंगल यांनी लावला. हे गृहस्थ मूळचे कीटकशास्त्रज्ञ. १९३०च्या दशकात अलाबामातल्या ऑबर्न इथे त्यांनी शेततळ्यांचा अभ्यास हाती घेतला. त्यांची पद्धत साधी होती आणि कमालीची कष्टाची. तळ्यात मोजून मासे सोडायचे, ठरावीक काळाने तळं पूर्ण रिकामं करायचं आणि त्यातला प्रत्येक मासा मोजायचा, तोलायचा. अशी तळ्यांमागून तळी त्यांनी उपसली.

त्यातून निघालेला निष्कर्ष आपल्या ज्वारीच्या मुलखात समजायला अवघड नाही. परातीतलं पीठ ठरलेलं आहे. त्याच्या चार दणदणीत भाकरी थापा, नाहीतर वीस चिमुकल्या. पीठ वाढत नाही. तळ्यातलं शेवाळ, कीटक, गाळातलं खाद्य हे ते पीठ. एका तळ्यात माशांचं एकूण वजन किती राहणार, ते या खाद्यावर ठरतं. तेवढ्या वजनात मासे शंभर असतील की दहा हजार, हे ठरतं किती जन्मले आणि किती खाल्ले गेले यावर. ब्लूगिल भरमसाट वितो, त्याची पिल्लं खाणारा बास मासा कमी पडला की तळं बारक्या ब्लूगिलने भरून जातं. भक्ष्य आणि भक्षक यांच्या वजनांचं एक प्रमाण स्विंगल यांनी काढलं आणि १९५० साली ते मांडलं. अशा तळ्यात सापडलेला बारका मासा परत सोडला, तर पिठाचा वाटेकरी तेवढा परत गेला.

आता चिलापीकडे येऊ. रोहू, कटला लाखोंनी अंडी घालतात, पण त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. साठवण तलावात ते सहसा विणत नाहीत, म्हणून दरवर्षी त्यांची बोटुकली आणून सोडावी लागते. चिलापीला यातलं काही लागत नाही. नर उथळ पाण्यात गाळ उकरून गोल खळगा करतो, मादी तिथे काहीशे अंडी घालते आणि लगेच ती तोंडात उचलून घेते. अंडी फुटून पिल्लं पोहायला लागेपर्यंत ती त्यांना तोंडातच सांभाळते, त्या काळात जवळजवळ उपाशी राहते. अंडी कमी, पण जगणारी पिल्लं जास्त, आणि पाणी उबदार असेल तर काही आठवड्यांनी पुढची वीण. चिलापीच्या तलावात पाणी ओसरलं की काठच्या उघड्या गाळावर हे ताटाएवढे खळगे ओळीने दिसतात.

हा मासा मूळचा आफ्रिकेतला. विल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने मोझांबिकमधल्या नमुन्यांवरून १८५२ साली त्याचं वर्णन केलं. तो आशियात पसरला त्याची गोष्ट मला फार आवडते. १९३०च्या दशकात जावा बेटावरच्या ब्लिटार भागात मुजाइर नावाच्या गावकऱ्याला समुद्राकाठच्या खाडीत पिल्लं तोंडात लपवणारा मासा दिसला. तो आफ्रिकेतून तिथे कसा पोहोचला, हे आजही कोडंच आहे. मुजाइरने तो घरी नेला आणि खाऱ्या पाण्यात थोडं थोडं गोडं पाणी मिसळत, मासे मरत असतानाही पुन्हा पुन्हा प्रयत्न करत, अखेर तो गोड्या पाण्यात जगवला. इंडोनेशियात या माशाला आजही मुजाइर म्हणतात. आशियातली मोझांबिक चिलापी जावातल्या मोजक्या माशांचा वंश मानली जाते. भारतात ती १९५२ साली आली. तिचा पसारा पाहून १९५९ साली तिच्या प्रसाराला मनाई झाली, पण तोवर ती पाण्यापाण्यात पोहोचली होती. आता तिच्या जोडीला नाईल चिलापीही आहे.

पण ही मादी एवढ्या लहान वयात विते कशी? इथे रोझमेरी लो यांचं नाव घ्यायलाच हवं. १९४५ साली ही तरुण ब्रिटिश संशोधक न्यासा सरोवरावर, म्हणजे आजच्या मलावीत, तिथल्या चिलापींचा अभ्यास करायला गेली. पुढे युगांडातल्या जिंजा इथल्या संशोधन केंद्रात तिने काम केलं. वेगवेगळ्या पाण्यांतली चिलापी तपासताना तिला दिसलं, की आल्बर्ट सरोवरात भरपूर वाढल्यावरच विणारी जात लगतच्या उथळ, कोंडलेल्या पाण्यात कितीतरी लहान आकारात वयात येते. जात एकच, आयुष्याचं वेळापत्रक वेगळं. त्यामागचं कारणही पटणारं आहे. आटत जाणाऱ्या डबक्यात आधी मोठं होऊ, मग विणू म्हणणारा मासा निर्वंश होतो. वाढीवरची ताकद लवकर विणीकडे वळवणाराच वंश टिकवतो.

लग्न झाल्यावर रोझमेरी यांना ती नोकरी सोडावी लागली, कारण त्या सेवेत विवाहित स्त्रियांना जागा नव्हती. त्यांनी काम सोडलं नाही. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांवर आणि नंतर लंडनच्या संग्रहालयात बिनपगारी बसून त्या २०१४ साली जाईपर्यंत उष्ण प्रदेशांतल्या माशांच्या अभ्यासाचा आधार राहिल्या. आज जगभर चिलापीची शेती होते, तिथे सगळे नरच वाढवण्याची धडपड असते, कारण वीण थांबली तरच मासा वजनाला भरतो. भरघोस नफ्याच्या जाहिरातींत हे मर्म कुठेच नसतं. ज्या बाईने त्याचा पाया घातला तिचं नावही नसतं.

आपल्याकडचे पाझर तलाव आणि मध्यम प्रकल्प म्हणजे दरवर्षी आटणारी, कोंडलेली पाणीच. उन्हाळ्यात तिथे आणखी एक संकट येतं. वीस अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, पस्तीस अंशांना जेमतेम ७. त्यात रात्रभर शेवाळही श्वास घेतं, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसतात ते याच वेळी. रोहू, कटला यात आधी दगावतात, चिलापी तग धरते.

तग धरणारा आणखी एक मासा आहे : मरळ. तो पाण्यावर येऊन सरळ हवेतला श्वास घेतो. आणि तो पक्का मांसाहारी आहे. अलाबामाच्या तळ्यात बास जे काम करतो, ते आपल्या तलावात मरळ करतो. पण मरळीला भाव चांगला, म्हणून ती आधी उचलली जाते. पावसाळ्यात तिची लालसर पिल्लं थव्याने फिरतात आणि आईबाप जवळ राखण करतात. त्या थव्याच्या खुणेने राखणदार मरळ मारली, की थवाही उघड्यावर पडतो. चिलापीची पिल्लं खाणारं मग कोण उरतं? मोठ्या आसाच्या, म्हणजे मोठ्या छिद्रांच्या, जाळ्यात मोठी चिलापीही निघून जाते आणि लवकर विणारी बारकी मागे राहते.

चिलापीने आपले मासे संपवले, असं सरसकट म्हटलं जातं. ती इतर माशांचं खाद्य आणि अंडीही खाते, यात शंका नाही. १८३९ साली कर्नल साइक्स यांनी कोळस, शिंगटी अशा दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा भीमा खोऱ्यात चिलापी नव्हती. पण तेव्हा नद्या वाहत्या होत्या. वाहतं पाणी आपण अडवलं, भक्षक मासे उचलले आणि जी जागा तयार झाली, तिथे चिलापी चपखल बसली. एकट्या माशावर खापर फोडून यातलं काही बदलत नाही.

म्हणून सुटीतल्या मुलांना सांगणं एवढंच. तलावाची मासेमारी बहुधा एखाद्या संस्थेच्या ठेक्यात असते, तेव्हा आधी विचारून घ्या. बारकी चिलापी लागली तर निःशंक घरी न्या, तव्यावर ती छान होते. मरळ लागली, तीही पावसाळ्यात, तर सोडून द्या. आणि जिवंत चिलापी बादलीत घालून दुसऱ्या तलावात किंवा विहिरीत कधीही टाकू नका. तोंडात पिल्लं असलेली एकच मादी नवं पाणी भरायला पुरेशी असते.