पिळाला जागा पुरत नाही तेव्हा

प्रागमधले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनिट्झर १८८८ साली कोलेस्टेरिल बेंझोएट तापवून बघत होते. १४५.५ अंश सेल्सिअसला ते वितळलं, पण गढूळ, १७८.५ अंशांना ते एकदम नितळ झालं. निवताना, गढूळपणा परतायच्या ऐन आधी, निळी-जांभळी झाक चमकून गेली. त्या गढूळ द्रवातून लिक्विड क्रिस्टलचं शास्त्र उभं राहिलं. एखाद्या अंशात उरकणाऱ्या निळ्या झाकेकडे मात्र बरीच दशकं कोणी फारसं फिरकलं नाही.

भानगड पिळाची आहे. या द्रवाचे लांबट रेणू त्यांच्या आरशातल्या प्रतिमेशी जुळत नाहीत. म्हणून शेजारी शेजाऱ्याला समांतर न राहता किंचित वळून बसतो. नेहमीच्या अवस्थेत हा पीळ एकाच दिशेने चढत जातो. पण प्रत्येक रेणूला तो चहूबाजूंच्या शेजाऱ्यांशी हवा असतो. एका उभ्या रेणूभोवती हे साधतं: मधला ताठ, भोवतालचे बाहेरच्या बाजूला अधिकाधिक कललेले. कल साधारण ४५ अंशांवर गेला की गाडं अडतं. अशा कललेल्या रेणूंच्या नळ्या आडव्या-उभ्या रचल्या, तरी मध्ये फटी उरतात. तिथे रेणूंनी तोंड कुठे करायचं, हेच ठरत नाही.

अशी फट हाताने बघायची तर जाड कागदाचे तीन नियमित पंचकोन कापून एका बिंदूभोवती टेबलावर मांडा. कोन भरतात १०८ गुणिले ३, म्हणजे ३२४ अंश. ३६ अंशांची फट राहते. कडा उचलून जोडल्या तर फट मिटते आणि बारा पंचकोनांत बंद ठोकळा तयार होतो. दोष पंचकोनांचा नव्हता, सपाट टेबलाचा होता!

जेम्स सेथना, डेव्हिड राइट आणि डेव्हिड मर्मिन यांनी १९८३ मध्ये नेमकं हेच रेणूंच्या बाबतीत मांडलं. आपलं त्रिमितीय अवकाश सपाट आहे. त्याऐवजी चार मितींतल्या गोलाचा त्रिमितीय पृष्ठभाग घ्या. हाइन्झ हॉप्फ यांनी १९३१ मध्ये तो वर्तुळांनी भरून दाखवला होता: कुठलीच दोन एकमेकांना छेदत नाहीत, पण प्रत्येक वर्तुळ इतर प्रत्येकात अडकलेलं. रेणू या वर्तुळांच्या दिशेने ठेवले, की सगळीकडे, सगळ्या बाजूंनी सारखाच पीळ. एकही फट नाही. मला यातली युक्ती फार आवडते: आधी उत्तर जिथे बिनचूक बसतं ते जग शोधायचं, मग ते आपल्या जगात पसरताना कुठे फाटतं ते बघायचं.

फाटतं ते त्या फटींच्या रेषांवर. तिथे द्रव जणू वितळलेलाच असतो, आणि त्याची किंमत ऊर्जेत मोजावी लागते. द्रव नितळ व्हायच्या बेतात असला की वितळणं स्वस्त पडतं. म्हणून ती निळी झाक देणारी ही रचना, म्हणजे निळी अवस्था, तेवढ्याच चिंचोळ्या पट्टीत दिसते. (सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे १७८.५ अंशांना तो सुटतो.) फटींची जाळी काही शे नॅनोमीटरच्या अंतराने घनाकार पुनरावृत्त होते आणि दृश्य प्रकाश परतवते. नाव निळं असलं तरी रंग हिरवा किंवा लालही असू शकतो.

२००५ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी ही पट्टी ४४ अंशांपर्यंत रुंदावली. सॅमसंगने २००८ मध्ये निळ्या अवस्थेचा नमुना-पडदाही दाखवला. पण तिला हलवायला व्होल्टेज फार लागतं, आणि बाजारात तोवर साध्या एलसीडीने बस्तान बसवलं होतं.