पुड्यावरची तारीख आणि लहान पुड्याचा ग्राहक

हातकणंगले तालुक्यातील कबनूर हे इचलकरंजीला लागून वाढलेले यंत्रमागाचे गाव आहे, आणि हातात पैसा येईल त्या बेताने किराणा आणणाऱ्या कामगारवस्तीत पाच-दहा रुपयांच्या लहान पुड्यांना मागणी असणे स्वाभाविक आहे. पुडा घेताना किंमत पाहणे सर्वांच्याच अंगवळणी पडलेले असते. तारीख मात्र पाहिली जातेच असे नाही, आणि पाहिली तरी ती नेमके काय सांगते हे पुष्कळदा उमगत नाही.

वेष्टनावर दोन प्रकारच्या तारखा आढळतात. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ ही वापराची अंतिम तारीख असून ती उलटल्यावर पदार्थ विकण्यास कायद्याने मनाई आहे. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख गुणवत्तेशी निगडित आहे. म्हणजे तोवर चव, वास व कुरकुरीतपणा टिकेल असे उत्पादक सांगतो आणि त्यानंतर पदार्थ खाण्यास सुरक्षित असू शकतो, पण त्याचा कस उतरलेला असतो. पूर्वी अनेक पाकिटांवर केवळ ‘उत्पादनापासून सहा महिन्यांपर्यंत उत्तम’ अशा अर्थाची ओळ छापून हिशेब ग्राहकावर सोपवला जाई. 2020च्या लेबलिंगविषयक विनियमांनी अंतिम तारीख देणे बंधनकारक केले आणि ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक ठरवली. मात्र कोणतीही तारीख पाकीट न फोडता, सांगितल्याप्रमाणे साठवले असेल तरच खरी ठरते. थंड ठेवण्याची सूचना असलेली दुधाची पिशवी दुपारभर ओट्यावर राहिली, तर तिच्यावरच्या तारखेला अर्थ उरत नाही.

तारखेइतकीच बोलकी असते ती घटकांची यादी, कारण तीत वजनाने सर्वाधिक असलेला घटक आधी आणि सर्वांत कमी असलेला शेवटी लिहावा लागतो. पुड्याच्या दर्शनी बाजूस बदाम-काजूचे चित्र असले, तरी यादी मैदा, साखर, पामतेल अशी सुरू होऊन सुकामेवा तळाशी येत असेल, तर पुड्यात मुख्यतः काय आहे ते उघड होते. पोषणतक्त्यातील ‘सोडियम’ हे बहुतांशी मिठातून येते, आणि प्रौढासाठी दिवसाला 2000 मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम मीठ, ही त्याची मर्यादा धरली जाते.

परंतु ही माहिती ज्याला सर्वाधिक हवी, त्याच्याच हाती ती कमी पोहोचते. ज्या वेष्टनाचे पृष्ठफळ 100 चौरस सेंटीमीटरपेक्षा जास्त नाही, त्यावर घटकांची यादी, पोषणमाहिती व परवाना क्रमांक छापण्यातून सूट आहे. सात सेंटीमीटर लांबी-रुंदीच्या चपट्या पुडीच्या दोन्ही बाजू मिळून 98 चौरस सेंटीमीटरच भरतात, म्हणजे ती या सुटीत बसते; सुटलेला मजकूर बाहेरच्या मोठ्या वेष्टनावर देणे बंधनकारक असले, तरी ते वेष्टन दुकानातच राहते. शिवाय लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असले तरी कायद्याला पुरते. मराठी सक्तीची नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार मालाचा दर्जा, प्रमाण व शुद्धता यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि तक्रारीसाठी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. म्हणून लहान पुडा घेणाऱ्याने तारीख तर पाहावीच, पण बाहेरचे वेष्टनही दुकानदाराकडे निःसंकोच पाहायला मागावे.