पाणी जमिनीला की माणसाला?

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटल्यावर फाटकातून बाहेर पडणाऱ्या कामगारांना त्यांचे गाव विचारा. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ ही नावे हमखास कानावर येतील. ही माणसे हौसेने इकडे आलेली नाहीत. गावात पाणी नव्हते. आणि उपसा योजनेचे पाणी आले तेव्हा ते घ्यायला यातल्या अनेकांजवळ जमीन नव्हती. आमच्या समाजातील असंख्य कुटुंबांची हीच कहाणी आहे.

जगातील विद्वान आज 'शाश्वत विकासा'वर परिषदा भरवतात. हा शब्द जगभर रूढ केला १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाने. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवाव्यात, ही त्याची व्याख्या सर्वांना पाठ आहे. पण गरिबांच्या मूलभूत गरजांना सर्वांत आधी प्राधान्य द्या, असेही त्याच अहवालाने लगोलग बजावले होते. ते मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी १७ उद्दिष्टे ठरवली आणि 'कोणालाही मागे ठेवणार नाही' अशी ग्वाही दिली. मागे कोण राहिले आहे, हे कुपवाडच्या फाटकावर उभे राहिले तरी दिसते!

महाराष्ट्राने २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. त्यात समन्यायी वाटपाची भाषा आहे. पण सिंचनाच्या पाण्याचा कोटा कोणाला? जमीनधारकाला, आणि तोही जमिनीच्या आधारावर. ज्यांना जातिव्यवस्थेने शतकानुशतके जमिनीपासून तोडले, त्यांच्या उंबऱ्यापर्यंत हा समन्याय पोहोचणार कसा?

दुसरी वाट नाही, असे कोणी सांगू नये. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीवर नव्हे, तर घरातील माणसांवर मोजले. भूमिहीनांनाही वाटा दिला आणि उसाला मनाई केली. आमच्याच सांगली जिल्ह्यात १९८२ च्या गिरणी संपानंतर गावी परतलेले कामगार मुक्ती संघर्ष चळवळीत उतरले. त्या चळवळीच्या बळावर बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेची वाळू विकून पैसा जमवला आणि बळीराजा धरण बांधले. त्याच्या पाण्यावर भूमिहीनाचाही हक्क मानला गेला. हे संशोधन कुठल्या परदेशी विद्यापीठाचे नाही, कष्टकऱ्यांचे आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. दामोदर खोऱ्याच्या बहुउद्देशीय योजनेचा पाया त्यांच्याच कारकिर्दीत घातला गेला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेती हा सरकारी उद्योग करावा आणि जमीनदार, कूळ व भूमिहीन मजूर हे भेदच संपवावेत, अशी मांडणी केली. धरणाची भिंत उभी राहिली म्हणजे विकास झाला, असे त्यांनी कधी मानले नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजना जनतेच्या पैशातून झाल्या आहेत. त्यांच्या पाण्यात भूमिहीनाचा आणि बाईचा माणशी हक्क कायद्याने लिहा. १९२७ साली महाडला आम्ही ओंजळभर पाण्यासाठी लढलो. आता वाट्यासाठी लढायचे की पुन्हा कोणाच्या दयेची वाट पाहायची, हे आम्हालाच ठरवावे लागेल.