वाघिणीचा डोंगर

कॅनडातल्या कॅम्लूप्स शहरापासून थोड्या अंतरावर सन पीक्स हे स्कीइंगचं गाव आहे. इथे सुटीला आलेल्या पाहुण्यांना वर्षानुवर्षं एक भाग्य लाभत आलं: वेगळे पैसे न मोजता एका ऑलिंपिक विजेतीबरोबर डोंगर उतरायचा. ती विजेती म्हणजे नॅन्सी ग्रीन. शर्यतींच्या काळात त्यांना ‘टायगर’ म्हणत.

नॅन्सी वाढल्या रॉसलँड या खाणींच्या गावात आणि स्की शिकल्या जवळच्या रेड माउंटनवर. 1960 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्या अवघ्या सोळा वर्षांच्या होत्या. त्यांच्याच खोलीत राहणाऱ्या अ‍ॅन हेग्टव्हेटने तिथे स्लॅलम या वळणावळणाच्या शर्यतीचं सुवर्णपदक जिंकलं. जगज्जेती होणारी मुलगी आपल्यासारखीच असते, हे इतक्या जवळून बघायला मिळणं फार मोलाचं.

अशा शर्यतीत स्कीवर वळताना भार बाहेरच्या पायावर येतो, पोलादी कड बर्फात रुतते आणि ती नीट धरली तर मागे एक बारीक, स्वच्छ रेघ उरते. कड निसटली की रेघेच्या जागी फराटा उमटतो. सेकंदाचे शतांश जातात ते त्या फराट्यात.

हे शतांश किती महाग असतात, ते 1967 साली दिसलं. पहिल्यावहिल्या स्कीइंग विश्वचषकाचा निकाल अमेरिकेतल्या जॅक्सन होलच्या शेवटच्या स्लॅलमवर येऊन ठेपला होता. मारिएल ग्वाशेल या फ्रेंच खेळाडूला नॅन्सींनी 0.07 सेकंदांनी मागे टाकलं आणि चषक त्यांचा झाला. पुढच्याच वर्षी ग्रेनोब्ल ऑलिंपिकला महिनाभर असताना त्यांचा घोटा दुखावला. तरी स्लॅलममध्ये रौप्य मिळालं आणि जायंट स्लॅलम त्यांनी तब्बल 2.64 सेकंदांच्या फरकाने जिंकलं! दुसरा विश्वचषकही घरी नेला आणि चोविसाव्या वर्षी त्या शर्यतींतून निवृत्त झाल्या.

एवढ्या कमाईवर कुणीही आयुष्यभर सत्कार घेत फिरलं असतं. नॅन्सींनी मात्र डोंगर सोडला नाही. त्यांच्या नावाने सुरू झालेल्या स्की लीगने कॅनडाभरातल्या लहान मुलांना शर्यतीची गोडी लावली. पती अल रेन यांच्याबरोबर त्यांनी व्हिस्लर या स्कीइंगच्या गावाच्या जडणघडणीत हातभार लावला आणि 1990 च्या दशकात दोघं सन पीक्सला आले.

इथला टॉड माउंटन 1961 पासून स्कीइंगसाठी खुला होता, पण राहायला गाव असं नव्हतं. 1992 मध्ये निप्पॉन केबल या जपानी रोपवे कंपनीने तो विकत घेतला, नाव बदलून सन पीक्स ठेवलं आणि पायथ्याशी वस्ती उभी राहू लागली. नॅन्सी तिथल्या ‘डायरेक्टर ऑफ स्कीइंग’ झाल्या. दोघांनी कॅहिल्टी लॉज हे हॉटेल काढलं. अल पुढे गावाचे महापौर झाले. आज तीन डोंगरांवर पसरलेलं हे क्षेत्र 4,270 एकरांचं आहे, कॅनडात व्हिस्लरच्या खालोखाल.

जाहिरातीत नुसता चेहरा द्यायचा, तर एक छायाचित्र पुरलं असतं. नॅन्सींची जाहिरात पायांवर उभी होती. त्यांच्याबरोबर उतरायला शर्यतपटूच असावं लागत नसे. सुटीला आलेलं साधं कुटुंबही चाले. 2009 मध्ये त्या सिनेटर झाल्या आणि 75 व्या वर्षी, 2018 मध्ये निवृत्त झाल्या. संसद पार ओटावात, म्हणजे इथून कितीतरी दूर. तरीही त्या काळात सन पीक्सला परतल्या की बूट आवळून त्या पुन्हा पाहुण्यांच्या पुढे उतारावर असत.