वसंतातील पक्षिनिरीक्षण : शेत, पाणथळ आणि प्रेअरी
(अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या संदर्भात)

प्रस्तावना

पक्षिनिरीक्षण म्हणजे दुर्बीण गळ्यात अडकवून केलेली रम्य भटकंती, असा समज आपल्या महाविद्यालयीन वर्तुळात आजही आढळतो. वस्तुतः पक्षी पाहणे हा जमीन वाचण्याचा एक मार्ग आहे. कोणता पक्षी कोठे उतरला, किती दिवस थांबला आणि कोठे उतरेनासा झाला, यावरून त्या भूप्रदेशाचा इतिहास उलगडत जातो. अमेरिकेच्या मध्यभागातील नेब्रास्का राज्य हे याचे उत्तम उदाहरण होय. मक्याची शेते, उथळ पाणथळ जागा आणि प्रेअरी गवताळ प्रदेश हे तीनही अधिवास तेथे काही तासांच्या प्रवासात पाहावयास मिळतात. वसंत ऋतूत तेथे दिसणाऱ्या पक्ष्यांच्या संख्येचा अर्थ कसा लावावा, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शेत आणि नदी

फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या पूर्वार्धापर्यंत प्लॅट नदीच्या मध्य खोऱ्यात सँडहिल क्रौंच उतरतात. टेक्सास, न्यू मेक्सिको व मेक्सिको येथे हिवाळा काढून कॅनडा, अलास्का आणि सायबेरियाकडे निघालेल्या या पक्ष्यांचा हा मुक्काम असतो. लेक्झिंग्टन ते ग्रँड आयलंड या सुमारे १३० किलोमीटरच्या पट्ट्यात त्यांची संख्या ५ लाखांहून अधिक भरते. रात्री ते नदीच्या उथळ पाण्यात उभे राहून रातथारा करतात, कारण पाण्यातून येणाऱ्या शत्रूची चाहूल त्यांना लागते. निरीक्षक पहाटेच्या अंधारात नदीकाठच्या आडोशात निःशब्द बसतात आणि थवे उडून गेल्यावरच बाहेर पडतात.

दिवसा हे पक्षी कापणीनंतर शेतात सांडलेला मका टिपतात. त्यातून पुढील प्रवासासाठी लागणारी चरबी साठते. परंतु मक्यात आवश्यक प्रथिने व कॅल्शियम पुरेसे नसते. ती उणीव नदीलगतच्या ओलसर कुरणांतील गांडुळे, गोगलगाई व कीटक भरून काढतात. म्हणजे एकाच पक्ष्याला नदी, शेत आणि कुरण ही तीनही एकमेकांजवळ लागतात. यांपैकी एक तुटले, तर उरलेल्या दोहोंचा उपयोग कमी होतो.

आणि नेमके तेच घडले आहे. वरच्या अंगाला धरणे व कालवे झाले. १९४१ मध्ये किंग्सली धरण पूर्ण झाले. पात्र धुऊन काढणारे पूर ओसरले, वाळूच्या बेटांवर झाडेझुडपे माजली आणि रुंद पात्र अनेक ठिकाणी अरुंद झाले. परिणामी क्रौंच उरलेल्या मोकळ्या पट्ट्यांत एकवटले. जे काम पूर्वी पूर करीत असत, ते आता संवर्धन संस्थांना यंत्रे लावून करावे लागते. दुसरीकडे, कापणी यंत्रे सुधारल्याने शेतात सांडणारे धान्यही घटले आहे.

पाणथळ जागा

प्लॅटच्या दक्षिणेस रेनवॉटर बेसिन हा प्रदेश आहे. चिकणमातीचा तळ असलेल्या येथील उथळ खोलगटांत बर्फाचे व पावसाचे पाणी साठते. वसंतात हिमहंस, पांढऱ्या कपाळाचे हंस आणि तलवार बदके येथे लक्षावधींच्या संख्येने येतात. प्रथमदर्शनी हे वैभवच वाटते. परंतु मूळच्या पाणथळ जागांपैकी सुमारे ९० टक्के जागा शेतीसाठी निचरा करून वा बुजवून नष्ट झाल्या आहेत. उरलेल्या थोड्या पाण्यावर होणाऱ्या दाटीमुळे रोग वेगाने पसरतो. १९७५ पासून येथे पक्ष्यांतील कॉलऱ्याच्या साथी आल्या आणि हजारो पक्षी मृत्युमुखी पडले. यावरून एक महत्त्वाचे सूत्र हाती लागते : पक्ष्यांची गर्दी ही नेहमीच समृद्धीची खूण नसते; कित्येकदा ती आक्रसलेल्या अधिवासाची खूण असते.

प्रेअरी

गवताळ प्रदेशात याच्या उलट अनुभव येतो. तेथे ऱ्हास गर्दीतून नव्हे, तर शांततेतून जाणवतो. उत्तर अमेरिकेतील उंच गवताच्या प्रेअरीपैकी ४ टक्क्यांहून कमी क्षेत्र आज शिल्लक आहे. नेब्रास्काचा सँडहिल्स हा सुमारे ५० हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश मुख्यतः वालुकामय जमिनीमुळे नांगरापासून बचावला. मार्च-एप्रिलच्या पहाटे तेथे प्रेअरी कोंबडे ठरलेल्या जागी जमतात, मानेजवळच्या नारिंगी पिशव्या फुगवून घुमतात आणि माद्यांपुढे नाचतात. १९२९ पासून राज्यपक्षी असलेला पश्चिमी मेडोलार्क कुंपणाच्या खांबावर बसून गातो. तथापि, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार अमेरिका व कॅनडात १९७० पासून सुमारे ३०० कोटी पक्षी घटले असून गवताळ प्रदेशातील पक्ष्यांची संख्या निम्म्याहून अधिक कमी झाली आहे.

हे निष्कर्ष एखाद्या सहलीतून निघत नाहीत. १९६६ पासून तेथे प्रजननकालीन पक्षिगणना चालते. सुमारे ४० किलोमीटरचा ठरलेला मार्ग, ५० थांबे आणि प्रत्येक थांब्यावर ३ मिनिटे, अशी तिची साधी पद्धत आहे. ही नोंद बहुतांशी हौशी निरीक्षक करतात.

समारोप

आपल्याकडील माळरानांनाही हा धडा लागू पडतो. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये स्थापन झाले. आज तेथे माळढोक क्वचितच दृष्टीस पडतो. सरकारी दफ्तरी माळराने दीर्घकाळ 'पडीक' म्हणून गणली गेली आणि जे पडीक, त्याची मोजदाद कोण ठेवणार? फेब्रुवारीत होणाऱ्या महाविद्यालयीन परिसरातील पक्षिगणनेत आपले विभाग सहभागी होऊ शकतात. मात्र एका दिवसाची यादी पुरेशी नाही. तोच मार्ग, तीच वेळ आणि शेजारच्या जमिनीचा वापर यांची नोंद विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने दुसरीकडे सोपवीत गेल्यास दहा-पंधरा वर्षांत त्या यादीला अर्थ प्राप्त होईल. पक्षी गेल्यावर सुरू केलेली नोंद केवळ अभाव नोंदवू शकते. तो केव्हा आणि का निर्माण झाला, हे ती सांगू शकत नाही.