एका तख्तासाठी अकरा भाऊ

१६५८ ते १७१२. चोपन्न वर्षं. एवढ्या काळात मोगलांच्या तख्तासाठी तीन पिढ्यांतले अकरा भाऊ एकमेकांवर तुटून पडले: शहाजहानचे चार मुलगे, औरंगजेबाचे तीन, बहादूरशहाचे चार. तख्त मिळालं तिघांना. उरलेल्या आठांपैकी एकही जगला नाही. थोरल्यालाच गादी असा नियम मोगलांत नव्हता. तख्त नाहीतर ताबूत, हीच रीत.

यातली मधली लढाई आपल्या अंगणातली. ३ मार्च १७०७ रोजी औरंगजेब अहमदनगरजवळ भिंगारला वारला, तेव्हा तो ८८ वर्षांचा होता. त्याच्या राज्यातली शेवटची पंचवीस वर्षं दख्खनच्या मोहिमेत गेली होती. हयात तीन मुलांपैकी मधला आजम जवळच होता. त्याने नगरलाच स्वतःला बादशहा जाहीर केलं. थोरला मुअज्जम तेव्हा पार खैबरच्या तोंडाशी, जमरूदला. धाकटा कामबक्ष विजापूरच्या बाजूला.

मग शर्यत लागली ती आग्र्याच्या खजिन्यासाठी. जमरूदहून आग्रा सुमारे ११०० किलोमीटर, आणि नगरहूनही जवळपास तेवढंच. ६३ वर्षांचा मुअज्जम आधी पोचला. जूनमध्ये आग्र्याजवळ जाजऊला गाठ पडली. आजम आणि त्याचे दोन मुलगे, बेदारबख्त आणि वालाजाह, एकाच दिवशी मारले गेले. मुअज्जम आता बहादूरशहा झाला.

आग्र्याच्या किल्ल्यात काय सापडलं, ते इतिहासकार खाफीखानाने लिहून ठेवलंय. शहाजहानने साठवलेले २४ कोटी रुपये औरंगजेबाने खर्च करत आणले, मुख्यतः दख्खनच्या लढायांवर. उरले ९ कोटी. दुसऱ्या एका हिशेबाने, जुन्या अशर्फ्या आणि नजराण्याची मोठी नाणी धरून, १३ कोटी. २४ कोटी रुपये सेकंदाला एक या वेगाने, रात्रंदिवस न थांबता मोजायला बसलं तर साडेसात वर्षं पुरत नाहीत. मोगली रुपया साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. सगळं नाणं चांदीचं धरलं, तर नाहीसे झालेले १५ कोटी म्हणजे सतराशे टन चांदी. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकड्याहून केळी भरून निघणारा ट्रक दहा टनांचा धरा. असे १७० ट्रक! एकामागे एक खेटून उभे केले तर पावणेदोन किलोमीटरची रांग होईल. एवढी चांदी मुख्यतः आपल्याच मुलखातल्या लढायांनी गिळली आणि त्यातून उभ्या आयुष्यात दख्खन काही पुरती औरंगजेबाच्या हाती लागली नाही.

राहिला कामबक्ष. तो हैदराबादेत स्वतःच्या नावाचं नाणं पाडून बसला होता. १७०८ मध्ये बहादूरशहा त्याच्यावर निघाला आणि ऑगस्टच्या अखेरीस शाही छावणी नांदेडला आली. डोंगरकड्याहून नांदेड पस्तीस-चाळीस किलोमीटर. गुरू गोविंदसिंगजी याच छावणीसोबत दख्खनेत आले होते. छावणी पुढे गेली, ते नांदेडला थांबले आणि ऑक्टोबरमध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला.

शाही छावणी म्हणजे केवढी? इटालियन प्रवासी जेमेली कारेरीने १६९५ मध्ये कृष्णाकाठी गलगल्याला औरंगजेबाची छावणी पाहिली. ६०,००० घोडेस्वार, एक लाख पायदळ, ३,००० हत्ती, अडीचशे बाजार आणि बाजारबुणग्यांसह पाच लाख माणसं. २०११ च्या जनगणनेत आपल्या अख्ख्या हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती. म्हणजे जवळपास अर्धा जिल्हा तंबू घेऊन चालतोय! माणशी अर्धा किलो आणि घोड्यामागे तीन किलो धान्य धरलं, तरी रोजचे ४३० टन होतात. हत्ती, उंट, बैल वेगळेच. हे धान्य वाहायचे बंजाऱ्यांचे तांडे, बैलांच्या पाठीवर. बैलामागे क्विंटलभर ओझं धरलं तर रोज ४,३०० बैल हवेत. मुलाची छावणी बापाच्या निम्मी मानली, तरी दिवसाला दोन हजारांवर बैल लागणारच. पेरणीसाठी राखलेलं बियाणंसुद्धा ज्या गावांतून उचललं जात असेल, तिथल्या कुणब्याचा हिशेब कुठल्याच बखरकाराने ठेवलेला नाही, आणि मला सर्वांत जास्त तोच सलतो.

१३ जानेवारी १७०९ ला हैदराबादजवळ कामबक्ष पडला. शेवटी त्याच्यासोबत मोजकी शेकड्यांतली माणसं उरली होती. पुढच्या काही तासांत जखमांनी तो गेला.

चीनमध्ये याहून वेगळं नव्हतं. इसवी सन ६२६ मध्ये राजपुत्र ली शिमिनने राजवाड्याच्या शुआनवू दरवाजात दोन भाऊ मारले आणि मागोमाग त्यांचे दहा मुलगे. बहादूरशहा नांदेडला आला त्याच १७०८ साली चीनच्या कांगशी बादशहाने आपला युवराज यिनरंग पदावरून काढला, पुढच्या वर्षी परत नेमला आणि १७१२ मध्ये कायमचा काढला. कांगशीला ३५ मुलगे झाले. ६१ वर्षांच्या राजवटीतही वारसाचा प्रश्न त्याला सुटला नाही.

इकडे १७१२ मध्ये बहादूरशहा लाहोरला वारला आणि महिनाभरात त्याच्या चार मुलांपैकी तिघे संपले. उरलेला जहांदारशहाही वर्षभरात गेला. १७१९ या एकाच वर्षात तर तख्तावर तीन नवे बादशहा बसले.

आणि तख्ताच्या याच ओढाताणीत, मे १७०७ मध्ये, आजमने आग्र्याच्या वाटेवर कैदेतल्या शाहूराजांना सोडलं होतं. साडेसतरा वर्षांची कैद संपली. मराठ्यांत फूट पडावी हा डाव होता, आणि तो साधलाही; त्याच ऑक्टोबरात खेडला शाहू आणि त्यांच्या काकू ताराबाई यांच्या फौजा समोरासमोर आल्या. पण १७१९ मध्ये शाहूंचे पेशवे बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन परतले. दख्खनच्या सहा सुभ्यांवर चौथाई आणि सरदेशमुखी, म्हणजे महसुलाचे शेकडा पस्तीस, ते याच सुटलेल्या शाहूच्या नावे.